मुहूर्त काढायच्या आधी क्लार्कचं ऑफिस बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लग्नसराई आली की तुमच्या पुरवणीत अमेरिकेतल्या मराठी लग्नावर एक तरी लेख हमखास असतो, त्यात मुंडावळ्या कुठून मागवल्या, अंतरपाट कोणी धरला, गोऱ्या पाहुण्यांना फेटे कसे बांधले वगैरे सगळं असतं आणि वाचायला मजाही येते, पण ज्या कागदाशिवाय ते लग्न इथल्या सरकारदरबारी लग्नच धरलं जात नाही त्याबद्दल एक ओळ नसते. तो कागद म्हणजे मॅरेज लायसन्स. मी बरीच वर्षं कॅलिफोर्नियात, बे एरियात राहते, ओळखीत कुणाचं लग्न निघालं की हॉल आणि केटरर झाल्यावर मला फोन येतो (यात माझा काही धंदा नाही, फुकटचा सल्ला आहे), आणि तिकडून मुलामुलींचे आईवडील जे काय विचारतात त्यावरून लक्षात येतं की याची कुणाला कल्पनाच नाहीये. म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, जागा कमी पडली तर शेवटाकडून कापा.

आपल्याकडे आधी लग्न लागतं आणि मग सवडीने, पासपोर्ट काढायची वेळ आली की, नोंदणी होते. इथे बरोब्बर उलटं आहे. लग्नाच्या आधी मुलगा-मुलगी दोघांनी स्वतः काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) क्लार्कच्या काउंटरवर जायचं, पासपोर्ट किंवा ड्रायव्हिंग लायसन्स दाखवायचं, फॉर्म भरायचा, दिलेली माहिती खरी आहे अशी शपथ घ्यायची, फी भरायची, की मग लायसन्स हातात पडतं. ही झाली लग्न करायची परवानगी. लग्नाच्या दिवशी लग्न लावणारा आणि साक्षीदार त्याच कागदावर सह्या करतात, तो परत काउंटीकडे जातो, तिथे नोंद होते, आणि त्यानंतर पैसे भरून मागवाल तेव्हा मॅरेज सर्टिफिकेट मिळतं. आपोआप घरी येत नाही हो, हे पण सांगून ठेवते, कारण कॅलिफोर्नियात कितीतरी जण पोस्टाची वाट बघत बसतात. आणि हे लायसन्स काढलं नसेल तर गुरुजींनी यथासांग सप्तपदी केली आणि चारशे माणसं जेवून गेली तरी कॅलिफोर्नियात कायद्याने तुम्ही अविवाहितच.

आता गोची कुठे होते, तर अमेरिका म्हणजे एक कायदा असं आपण धरून चालतो. लग्नाचा कायदा इथे प्रत्येक राज्याचा वेगळा. काउंटी क्लार्क हा शब्द मी वापरतेय खरा पण न्यू जर्सीत हे काम नगरपालिकेचा रजिस्ट्रार करतो, जॉर्जियात प्रोबेट कोर्ट करतं, न्यूयॉर्क शहरात सिटी क्लार्क. आणि लायसन्स लागतं ते लग्न जिथे लागणार त्या राज्याचं, तुम्ही कुठे राहता याचं नाही. जर्सी सिटीत राहणारी, मॅनहॅटनला नोकरी करणारी मुलं लंच टाइममध्ये न्यूयॉर्कच्या सिटी क्लार्ककडे जाऊन पस्तीस डॉलरमध्ये लायसन्स काढून मोकळी होतात आणि हॉल असतो एडिसनला, म्हणजे न्यू जर्सीत. तो कागद तिथे चालत नाही. इलिनॉय तर त्याच्याही पुढे, तिथलं लायसन्स ज्या काउंटीने दिलं त्याच काउंटीत चालतं. शिकागोच्या एका ओळखीच्या कुटुंबात हेच झालं, लायसन्स कुक काउंटीचं काढलेलं, हॉल शेजारच्या डुपेज काउंटीत, आणि लक्षात आलं ते शुक्रवारी सकाळी, रविवारचं लग्न, घरात मेंदीवाली बसलेली. नवरी तशीच ओल्या मेंदीच्या हाताने व्हीटनच्या ऑफिसला गेली, नशीब की इलिनॉयचं लायसन्स दुसऱ्या दिवसापासून लागू होतं म्हणून निभावलं. हेच न्यू जर्सीत झालं असतं तर शुक्रवारी धावून काही उपयोग नव्हता, तिथे अर्ज केल्यावर ७२ तास थांबावं लागतं.

हे थांबायचं प्रकरण मुहूर्तवाल्यांनी नीट समजून घ्यायला हवं. न्यूयॉर्कमध्ये २४ तास, टेक्सास आणि न्यू जर्सीत ७२ तास, पेनसिल्व्हेनिया आणि वॉशिंग्टन राज्यात तीन दिवस. टेक्सासमध्ये सरकारमान्य विवाहपूर्व कोर्स केला तर ७२ तासांची अट जाते आणि फीमध्येही सूट मिळते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. कॅलिफोर्नियात आणि नेवाडात थांबायची भानगड नाही, लास व्हेगासचं ऑफिस तर रोज मध्यरात्रीपर्यंत उघडं. दुसऱ्या बाजूने फार आधीही काढून ठेवता येत नाही कारण लायसन्सला मुदत असते, कॅलिफोर्नियात ९० दिवस, न्यूयॉर्क आणि इलिनॉयमध्ये ६०. म्हणजे साखरपुड्याला आलोच आहोत तर तेही उरकून टाकू असं म्हणालात आणि लग्न सहा महिन्यांनी असेल तर ते पैसे गेले. आणि शनिवार-रविवारी बहुतेक ऑफिसं बंद, आपली लग्नं मात्र शनिवार-रविवारीच, म्हणून त्या आठवड्यातला एखादा कामाचा दिवस यासाठी राखूनच ठेवावा लागतो.

त्यात के-वन व्हिसावर, म्हणजे अमेरिकन नागरिकाची वाग्दत्त वधू किंवा वर म्हणून जो येतो त्याला आल्यापासून ९० दिवसांत लग्न करावंच लागतं. एका आईंनी मला विचारलं होतं की मुलगी आषाढात पोचतेय, चातुर्मासात मुहूर्त नाहीत, तुळशीचं लग्न झाल्यावर केलं तर चालेल का. नाही चालणार. अशा वेळी क्लार्ककडे सिव्हिल सेरेमनी करून घ्यायची आणि धार्मिक विधी नंतर सावकाश करायचे, दुसरा मार्ग नाही.

तसं बघितलं तर काउंटरवरचं काम एकदम सोपं असतं, भारतातल्या सरकारी ऑफिसची सवय असलेल्या माणसाला संशयच येतो की काहीतरी राहिलं. रेशनकार्ड नाही, लग्नपत्रिका नाही, फोटो नाहीत, जातीचा रकाना नाही. पूर्वी बऱ्याच राज्यांत रक्ततपासणी लागायची, ती आता गेली, जुने लोक अजून सांगतात त्यावर जाऊ नका. कॅलिफोर्नियात तुम्ही तिथले रहिवासी असायची पण गरज नाही, व्हिजिटर व्हिसावर आलेल्यालाही लायसन्स मिळतं. घटस्फोट झालेला असेल तर तो कधी पक्का झाला ती तारीख लागते, काही ठिकाणी डिक्रीची कॉपी मागतात, भारतातली डिक्री मराठीत असेल तर भाषांतर आधीच करून ठेवा. फी ठिकाणाप्रमाणे, न्यू जर्सीत २८ डॉलर, कुक काउंटीत ६०, व्हेगासला शंभराच्या वर. आपला स्पेशल मॅरेज ॲक्ट आठवा, १९५४ चा, तीस दिवस नोटीस लावायची, कोणीही येऊन हरकत घ्यायची, घरी कळू नये म्हणून पळून आलेल्या पोरांची नावं भिंतीवर. इथे तसली नोटीस नाही. आईवडिलांची परवानगी आहे का हे सज्ञान माणसाला कोणी विचारत नाही. काही काकांना हेच खटकतं, मला नाही खटकत.

अडतं ते नावावर. आणि याबद्दल मला सगळ्यात जास्त लिहायचंय कारण ही खास आपली मराठी अडचण आहे, पंजाबी लोकांना सांगितलं तर नीट कळत पण नाही.

फॉर्ममध्ये आईचं जन्माचं नाव विचारतात, म्हणजे माहेरचं. आपल्या पिढीत कितीतरी जणींचं सासरी नाव, अगदी पहिलं नावसुद्धा, बदललेलं. मुलाला आईचं माहेरचं आडनाव आठवत असतं, पण ती लग्नाआधी कुसुम होती आणि आता वैशाली आहे, नक्की काय लिहायचं, यासाठी काउंटरवरून आईला फोन, इथे सकाळचे दहा तर तिकडे रात्रीचे साडेदहा, आई झोपलेली. हे आधी विचारून ठेवा म्हणजे झालं. पण मुलीच्या नावाचं इतक्यावर भागत नाही.

कॅलिफोर्नियात लग्नानंतरचं नाव लायसन्सवरच लिहायचं असतं, २००९ पासून हा नियम आहे आणि तो नवरा-बायको दोघांनाही सारखाच लागू आहे, नवऱ्याने बायकोचं आडनाव घेतलं तरी चालतं. आता आपली पद्धत काय, तर स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. समजा मुलगी मधुरा विजय जोशी आहे आणि मुलगा निखिल अरुण देशपांडे. सासूबाईंच्या मनात असतं मधुरा निखिल देशपांडे. ते लायसन्सवर होत नाही! मधलं नाव बदलायचं तर कायद्यात ठरावीकच पर्याय दिलेत, ते असे की दोघांपैकी कुणाचं तरी आत्ताचं किंवा जन्माचं आडनाव घ्या, नाहीतर स्वतःच्या मधल्या नावाला असं आडनाव जोडून घ्या. नवऱ्याचं पहिलं नाव त्यात कुठेच बसत नाही, कारण कायदा करणाऱ्यांच्या डोक्यात ती पद्धतच नव्हती. मधुरा विजय देशपांडे होता येतं, मधुरा जोशी देशपांडे होता येतं, काहीच न बदलता मधुरा विजय जोशी राहता येतं, आणि पहिलं नाव बदलून मधुराची ऋता करायची असेल तर ते तर अजिबातच नाही. हे काउंटरवर कळतं, मागे लाइन, अपॉइंटमेंट पंधरा-वीस मिनिटांची, मग घाईत काहीतरी लिहितात. आणि एकदा लायसन्स दिलं की नाव बदलून मिळत नाही, टायपिंगची चूक असेल तरच दुरुस्ती, नाहीतर कोर्टात वेगळा अर्ज करून, फी भरून नाव बदला.

त्यात आपल्या पासपोर्टवर दोनच रकाने, सरनेम आणि गिव्हन नेम, आणि गिव्हन नेममध्ये मधुरा विजय असं एकत्र. मग विजय हे पहिल्या नावाचा भाग की मधलं नाव? हे आधी फोन करून त्या ऑफिसलाच विचारा, कारण पुढे सोशल सिक्युरिटी, ड्रायव्हिंग लायसन्स, बँक, भारतीय पासपोर्ट, सगळीकडे हाच कागद दाखवावा लागणार आणि एका अक्षराचा फरक पडला तरी फेऱ्या सुरू. माझं वैयक्तिक मत विचाराल तर काहीही बदलू नका, ज्या नावाची डिग्री आणि व्हिसा आहे तेच राहू द्या. पण ते ज्याचं त्याने ठरवावं, फक्त घरी बसून ठरवावं.

आता गुरुजी. लग्न कोणी लावायचं यालाही प्रत्येक राज्याचे नियम आहेत. कॅलिफोर्नियात कुठल्याही धर्माचा अधिकृत पुरोहित अठरा वर्षांच्या वर असला की झालं, कुठे नाव नोंदवायला लागत नाही. न्यूयॉर्क शहरात लग्न लावणाऱ्याला सिटी क्लार्ककडे नोंदणी करावी लागते, व्हर्जिनियात सर्किट कोर्टाची ऑर्डर लागते, मॅसॅच्युसेट्समध्ये बाहेरच्या राज्यातून पुरोहित आणलात तर त्याच्यासाठी आधी परवानगी काढावी लागते. म्हणजे पुण्याहून घरचे गुरुजी हौसेने आणले तरी त्या राज्यात त्यांची सही चालते का हे बघायला हवं, नाही तर विधी त्यांनी करावेत आणि सही इथल्या देवळातल्या गुरुजींनी. कॅलिफोर्नियातल्या बऱ्याच काउंट्या एका दिवसापुरता तुमच्या मित्राला किंवा मावशीला पण लग्न लावायचा अधिकार देतात. पेनसिल्व्हेनियात तर लग्न लावणाराच लागत नाही असंही एक लायसन्स मिळतं, क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या परंपरेतून आलेलं, दोन साक्षीदारांच्या सह्या केल्या की झालं.

कॅलिफोर्नियाच्या कायद्यात अजून एक गंमत आहे. कुठले मंत्र, कुठला विधी, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही, पण लग्न लावणाऱ्यासमोर आणि साक्षीदारासमोर दोघांनी आम्ही एकमेकांना जोडीदार म्हणून स्वीकारतो असं जाहीर करायला लागतं. आपल्या लग्नात आत्या गाते, मामा गातो, गुरुजी अखंड बोलत असतात, फक्त नवरा-नवरी गप्प! म्हणून इथले अनुभवी गुरुजी सप्तपदी झाली की दोघांकडून एक वाक्य मराठीत नाहीतर इंग्रजीत मोठ्याने म्हणवून घेतात. पाहुणे टाळ्या वाजवतात, त्यांना वाटतं सिनेमाची हौस.

कॅलिफोर्नियात सह्या करताना काळी शाई, खाडाखोड नाही, व्हाइटनर तर नाहीच, खराब झालं तर डुप्लिकेट लायसन्स काढावं लागतं. आणि मग दहा दिवसांच्या आत लग्न लावणाऱ्याने ते काउंटीला परत पाठवायचं. जबाबदारी त्याची, भोग तुमचे. एका लग्नात गुरुजींनी कागद पंचांगात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी भारतात गेले दोन महिन्यांसाठी, इकडे मुलीचा विद्यार्थी व्हिसा संपत आलेला, एच-फोरचा (एच-वन या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराला मिळणारा व्हिसा) अर्ज करायचा तर सर्टिफिकेट नाही, कारण काउंटीत नोंदच नाही. म्हणून मी सगळ्यांना सांगते की पाकिटावर पत्ता आणि तिकीट तुम्हीच लावून ठेवा आणि घरातल्या एका खमक्या माणसाकडे हे काम द्या. नोंद झाली की सर्टिफाइड कॉपी दोन-तीन मागवा. भारतात वापरायची असेल तर त्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा धरला जावा म्हणूनचा दाखला, लागतं, ते राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून मिळतं, कॅलिफोर्नियाचं सॅक्रामेंटोहून, भारत २००५ पासून अपोस्टिल मानणाऱ्या देशांच्या करारात आहे त्यामुळे वकिलातीच्या शिक्क्यासाठी धावायला लागत नाही.

आता ज्यासाठी मी खरं लिहायला बसले ते. हल्ली बरीच मुलं धार्मिक लग्नाच्या कितीतरी आधी क्लार्ककडे जाऊन सिव्हिल लग्न करून घेतात. कारणं खरी असतात. एच-वनवाल्याची नोकरी गेली की साठ दिवसांत काहीतरी सोय करावी लागते, जोडीदाराच्या व्हिसावर जाता येतं. ग्रीन कार्डाची तारीख जवळ आलेली असते आणि कार्ड हातात पडायच्या आधी लग्न झालेलं असेल तरच जोडीदाराला त्याच अर्जात धरता येतं, नंतर केलं तर वेगळी रांग. टॅक्सवाले तर ३१ डिसेंबरला लग्न झालेलं असेल तर अख्खं वर्ष विवाहित धरतात. हे सगळं ठीक. पण घरी सांगताना काय सांगतात, तर नुसता कागद केलाय, खरं लग्न डिसेंबरात पुण्याला. आणि आईवडीलही नातेवाइकांपासून ते लपवतात, जणू काही पोरांनी भलतंच केलं.

अहो, तो नुसता कागद नाहीये. ते लग्न आहे, इथल्या सरकारच्या दृष्टीने तेच एक लग्न आहे. मधल्या सहा-आठ महिन्यांत मानपानावरून, हुंड्यासारख्या भेटींवरून, किंवा मुलांचंच पटत नाही म्हणून मोडलं तर साखरपुडा मोडल्यासारखं अंगठी परत करून सुटका नाही, रीतसर घटस्फोट घ्यावा लागतो, कॅलिफोर्नियात त्यालाही कमीत कमी सहा महिने जातात, आणि पुढच्या स्थळाला घटस्फोटित म्हणूनच सांगावं लागतं. मी हे होताना पाहिलंय. त्या मुलीच्या आईचं एकच वाक्य, पण लग्न झालंच कुठे होतं. मला तिला काय सांगावं कळेना. म्हणून कागद करायचा तर खुशाल करा, पण दोन्ही घरी हे लग्न आहे असं सांगून करा.

या काउंटरला इथल्या लोकांनी कधी हलकं धरलेलं नाही, त्याला इतिहास आहे. शंभर वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियाच्या इम्पीरियल व्हॅलीत शेती करायला आलेल्या पंजाबी पुरुषांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली, कारण गोऱ्यांनी इतर वंशात लग्न करायला कायद्याने बंदी होती आणि दोघांचा रंग सारखा दिसतोय असं क्लार्कला वाटलं तर तो लायसन्स द्यायचा. क्लार्कच्या नजरेवर संसार! १९४७ मध्ये अँड्रिया पेरेझ आणि सिल्व्हेस्टर डेव्हिस यांना लॉस एंजेलिसच्या क्लार्कने लायसन्स नाकारलं म्हणून ते कोर्टात गेले आणि १९४८ मध्ये कॅलिफोर्नियात ही बंदी उठली, सगळ्या देशातून उठायला १९६७ उजाडलं. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने समलिंगी लग्नाला मान्यता दिल्यावर केंटकीतल्या किम डेव्हिस नावाच्या काउंटी क्लार्कने लायसन्स द्यायला नकार दिला आणि ती पाच दिवस तुरुंगात बसून आली. त्याच काउंटरवर आपली मुलं जीन्स घालून जातात आणि परत ऑफिसला जातात, आईला फोटो पण पाठवत नाहीत.

तेव्हा संपादकसाहेब, पुढच्या वेळी लग्नाची पुरवणी काढाल तेव्हा फेट्यांच्या शेजारी अर्धा कॉलम याला द्या अशी विनंती. सगळ्या राज्यांचे नियम छापायला नकोत, ते आणि फी बदलत पण राहतात. लग्न ज्या गावात लागणार तिथल्या क्लार्कच्या वेबसाइटवर मुदत, थांबायचे दिवस, ओळखपत्रं आणि अपॉइंटमेंट बघून घ्या इतकं आलं तरी पुरे. आणि तिकडून येणाऱ्या आईवडिलांसाठी एक, कारण हा प्रश्न मला प्रत्येक वेळी येतो: व्हिजिटर व्हिसावर असलात तरी कॅलिफोर्नियाच्या लायसन्सवर साक्षीदार म्हणून सही करता येते, नागरिक असावं लागत नाही, मराठीत केली तरी हरकत घेतलेली मी पाहिली नाही. पण जागा दोनच सह्यांपुरती असते, तेव्हा विहीणबाईंशी आधीच बोलून घ्या.

आपली,
एक वाचक, बे एरिया, कॅलिफोर्निया